खोडवा की लागण?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या अंथुर्ण्याला दोन गोष्टींचे वेध लागतात : एक फराळाचे आणि दुसरे ऊसतोडीचे. घराघरांतून भाजणीचा खमंग वास सुटलेला असतो, आणि त्याच सुमारास बीड-नगरकडची तोडकरी माणसे बैलगाड्यांतून, अलीकडे ट्रॅक्टरांतून, बायकामुलांसकट येऊ लागतात. बारामतीहून इंदापूरला जाणारा आमचा हा रस्ता पालखीच्या दिवसांत टाळमृदंगांनी भरतो आणि दिवाळीनंतर उसाच्या गाड्यांनी. नीरेच्या डाव्या कालव्याने हा मुलूख हिरवा केला. आणि कालव्याबरोबर आलेला ऊस आमच्या रानांतच नव्हे, बोलण्यातही शिरला. सोयरीक असो की दुखणे असो, आम्ही ते उसाच्या भाषेत बोलतो.

म्हणूनच माझ्या थोरल्या बंधूंच्या, अण्णांच्या, यकृताची ही गोष्टही उसाच्याच भाषेत सांगावी लागणार आहे. सणासुदीच्या अंकात आजारपण कशाला, असे वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आले होते. पण दिवाळीत सारे घर एकत्र बसते, आणि काही गोष्टी सारे घर एकत्र बसले असतानाच सांगायच्या असतात. शिवाय ही गोष्ट रडगाण्याची नाही. निवड कशी करावी, याची ही गोष्ट आहे.

यकृत हा शब्द आम्ही शाळेत शिकलो, आणि पुढे मास्तर होऊन मी तो पोरांना शिकवला. पण गावात त्याला कोणी यकृत म्हणत नाही. मटणाच्या दुकानात जे काळीज मागतात तेच हे. गाण्यातले काळीज वेगळे. ते तुटते, जळते, कोणालाही देता येते. हे खरे काळीज मात्र उजव्या बरगड्यांखाली मुकाट्याने राबत असते आणि पुष्कळ बिघडेपर्यंत ब्र काढत नाही. अण्णांचे असेच झाले. २०२१ सालच्या प्रारंभी, भूक मंदावली म्हणून सोनोग्राफी केली, तर आत साडेचार सेंटीमीटरांची गाठ. कर्करोग. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. अण्णांच्या गळ्यात माळ. पण रक्त तपासले तेव्हा कळले की ‘हिपॅटायटिस बी’ नावाचा विषाणू कित्येक वर्षे त्यांच्या अंगात बिऱ्हाड करून होता. त्याने यकृत हळूहळू निबर करीत आणले होते आणि त्या निबर जागेत गाठ धरली होती.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. उजवीकडचा एक तुकडा गाठीसकट काढला. यकृताचा मोठा भाग बेतशीर कापून काढता येतो, हे पॅरिसच्या लोर्ता-जाकोब या शल्यवैद्याने १९५२ साली दाखवून दिले. त्याआधी या रक्ताने भिजलेल्या अवयवाला सुरी लावायला भले भले कचरत. निरोगी यकृताचा तुकडा काढला तर उरलेले पुन्हा वाढते. निबर झालेले मात्र तितक्या उमेदीने वाढत नाही. हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. त्याबरोबर आणखी एक सांगितले होते : विषाणूवरची गोळी रोज घ्यायची, आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करायची.

गोळी अण्णांनी एक दिवस चुकवली नाही. तपासणी मी चुकवली. फाइल माझ्याकडे, तारखा माझ्याकडे. कारण घरात इंग्रजी वाचणारा मी. पहिली दोन वर्षे सारे नीट चालले. मग माझ्या मुलीचे लग्न निघाले. त्याच वेळी कारखान्याची तोड आली. ‘महिनाभराने जाऊ’ असे मीच म्हणालो. त्याचे तीन महिने झाले. २०२३ च्या मे महिन्यात बारामतीला स्कॅन केला, तर यकृताच्या वरच्या अंगाला, श्वासपटलाला लागून, दोन पूर्णांक दोन सेंटीमीटरांची नवी गाठ. ते तीन महिने मी अजून मोजतो.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी रिपोर्ट वाचून दाखवला. वहिनी आत उठून गेल्या. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला पुढे कोणत्याही डॉक्टरच्या तोंडून इतक्या नेमकेपणाने ऐकायला मिळाला नाही.

“मास्तर, ह्यो खोडवा हाय का नवी लागण?”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. नवे बेणे लावून केलेला ऊस ती लागण. तो तोडून नेल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटवे फुटतात आणि दुसरे पीक येते, तो खोडवा. वरून पाहणाऱ्याला दोन्ही ऊसच दिसतात. पण एकाचे मूळ जुने असते, दुसऱ्याचे नवे. अण्णांना विचारायचे होते ते एवढेच, की हे जुन्या गाठीचेच राहिलेले मूळ फुटले, की त्याच जमिनीत दुसरे काही नव्याने उगवले?

हाच प्रश्न मी दहा दिवसांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात विचारला. डॉक्टर तरुण होते. पण माणसाला बसवून बोलण्याची रीत त्यांना होती. ते हसले आणि म्हणाले, “बाबांना डॉक्टरच करायला हवं होतं.” मग त्यांनी समजावले. शस्त्रक्रियेनंतर यकृतात पुन्हा गाठ येणे दुर्मीळ नाही. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत ती येते. पहिल्या दोन वर्षांत आली तर बहुधा ती जुन्या गाठीच्या रक्तवाहिन्यांतून निसटलेल्या पेशींची, म्हणजे खोडवा. दोन वर्षांनंतर आली तर बहुधा नवी लागण. कारण गाठ काढली तरी निबर झालेली जमीन तीच असते. अण्णांची गाठ सत्तावीस महिन्यांनी आली होती.

“मग बरंच म्हणायचं की!” माझा पुतण्या म्हणाला.

“बरं आणि वाईट दोन्ही,” डॉक्टर म्हणाले. “जुनं मूळ राहिलेलं नाही, हे बरं. पण जमीन जोवर तीच आहे तोवर तिसऱ्यांदाही उगवू शकतं. म्हणून आज किती काढायचं, याच्याइतकाच प्रश्न उद्यासाठी किती ठेवायचं, हा आहे.”

हे वाक्य मी फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवले. ते अजून तिथे आहे.

मुंबईला जाण्याआधीच घरात सल्ल्यांचा बाजार भरला होता. एक मत असे, की पुन्हा पोट उघडा आणि सोक्षमोक्ष लावा. दुसरे मत असे, की आता वयाच्या सत्तरीला आलेल्या माणसाला काही करू नका. पुतण्याने मोबाइलवर पुष्कळ वाचले होते. त्याचा आग्रह होता, की सर्वांत नवे यंत्र जिथे असेल तिथेच जायचे. अण्णांचे म्हणणे एकच : पोट पुन्हा फाडायचे नाही. मी मधल्या मध्ये. मास्तरकी करून एक खोड जडते. दोन उत्तरे समोर आली की कोणते बरोबर, ते ताबडतोब हवे असते. इथे उत्तरे चार-पाच होती, आणि प्रत्येक थोडे थोडे बरोबर होते.

डॉक्टरांनी कोरा कागद घेतला आणि त्यावर एक पेरू काढावा तसे यकृत काढले.

सुईने गाठ जाळण्याची ही रीत मुळात विजेची आहे. पण ही वीज धक्का देत नाही. शरीरातून अतिशय वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला तर स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब येते, हे आर्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ साली दाखवले होते. अमेरिकेत बोव्ही याने केलेले विजेचे कापण्याचे यंत्र कुशिंग या मेंदूच्या शल्यवैद्याने १९२६ साली शस्त्रक्रियेत वापरले. आणि १९९० साली इटलीत आणि अमेरिकेत, दोन्हीकडे स्वतंत्रपणे, याच प्रवाहाने यकृताच्या आतला भाग सुईच्या टोकाशी भाजून काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. हा प्रवाह सेकंदाला साधारण चार ते पाच लाख वेळा दिशा बदलतो. म्हणून तर त्याला रेडिओच्या लहरींचे नाव : रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. पुणे आकाशवाणी आम्ही ७९२ किलोहर्ट्झवर ऐकत आलो. हा प्रवाह त्याच्या जरा खालच्या पट्टीतला. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी कीर्तन ऐकत ऐकत भाजत्यात म्हन की!”

सुई स्वतः तापत नाही. तिच्या टोकाभोवतीच्या पेशींतले क्षार त्या प्रवाहाबरोबर मागेपुढे हलतात आणि त्या घर्षणाने मांसच तापते. साठ अंशांवर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. पन्नास अंशांवर काही मिनिटे लागतात. मग शंभरावर का नेऊ नये? पुतण्याने हेच विचारले. त्याचे उत्तर डॉक्टरांनी दिले; पण मला ते खरे समजले घरी आल्यावर, वहिनींच्या अनारशांवरून. तेल फार तापले की अनारसा बाहेरून काळा होतो आणि आत कच्चा राहतो. इथेही तसेच. सुईलगतचे मांस शंभर अंशांच्या वर गेले की त्यातले पाणी उडते, कोळसा धरतो, आणि कोळशातून वीज पुढे जात नाही. मग दूरची पेशी जिवंत राहते, आणि गाठीच्या कडेलाच तर खरा चोर असतो. म्हणून मंद आच आणि धीर.

या एका अडचणीतून सुयांच्या निरनिराळ्या तऱ्हा निघाल्या. एक सुई सरळ, आतून पोकळ. तिच्यातून थंडगार पाणी खेळत असते. टोक थंड राहते, कोळसा धरत नाही आणि उष्णता बाहेर लांबवर जाते. दुसरी छत्रीसारखी : आत गेल्यावर तिच्यातून बारीक तारा उलगडतात आणि एका बिंदूऐवजी अनेक बिंदूंशी उष्णता वाटली जाते. पण तारा ठरल्या जागी उलगडायला आत मोकळीक हवी. निबर यकृतात त्या कधी वाकड्याही जातात. या दोन्हींत प्रवाह सुईतून निघून मांड्यांना चिकटवलेल्या पट्ट्यांकडे जातो. तिसरी तऱ्हा दोन-तीन सुयांची : त्या गाठीत न खुपसता तिच्या भोवती रोवायच्या आणि प्रवाह एकीकडून दुसरीकडे फिरवायचा. गाठीला स्पर्श न करता तिला चहूबाजूंनी कोंडायचे. सुई गाठीतून गेली नाही, म्हणून तिच्याबरोबर पेशी बाहेर ओढल्या जाण्याचे भय कमी. पण सुया जितक्या अधिक तितके टोचणे अधिक, आणि रोवणाऱ्याचा हातही तितकाच तयार हवा.

“आणि मायक्रोवेव्ह?” पुतण्या थांबेना.

तीही आहे. तिच्या लहरी फार वेगाच्या. काही यंत्रांत तर स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्याच. कोळशाने ती अडत नाही, लवकर तापते, मोठी जागा भाजते. “पण लहान गाठींत दोघींची तुलना झाली आहे,” डॉक्टर म्हणाले. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयांनी २०१८ साली चार सेंटीमीटरांपर्यंतच्या गाठींवरचा असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी पाहता जागच्या जागी गाठ परत येण्याच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. मोठी गाठ असती, किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असती, तर मी मायक्रोवेव्हकडे झुकलो असतो, असे ते म्हणाले.

रक्तवाहिनीचा मुद्दा मात्र अण्णांना कसा सांगावा, हे मला कळेना. गावी परतल्यावर आम्ही दोघे रानात गेलो. शेजाऱ्याने पाचट पेटवले होते. पाचट जाळू नये, कुजवावे, हे अण्णा त्याला वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण तो ऐकत नाही. सारा पट्टा काळा झाला होता. फक्त पाटाच्या कडेने वीतभर रुंदीचे गवत हिरवेच राहिले होते.

“ते का नाही जळलं, अण्णा?”

“पाट वाहतोय की लगत. ऊब धरू देईल व्हय?”

“तेच!” मी म्हणालो. यकृतातली मोठी शीर म्हणजे वाहता पाट. लगतच्या गाठीची ऊब ती घेऊन जाते, आणि कडेचे गवत हिरवे राहते. अण्णांनी मान हलवली. त्यांची गाठ मोठ्या शिरेपासून सेंटीमीटरभर दूर होती. पाटाचे भय नव्हते. भय दुसरे होते : गाठ श्वासपटलाला लागून होती, आणि तिथे आच लागली तर पडदा भाजायचा.

यावरही तोड होती. पोटात नळीने पाणी सोडून यकृत आणि पडदा यांच्यामध्ये पाण्याचा थर करायचा. ते पाणी मिठाचे चालत नाही. मिठाचे पाणी वीज वाहून नेते. म्हणून साखरेचे, ग्लुकोजचे पाणी. आयुष्यभर ऊस पिकवणाऱ्याच्या पोटात शेवटी साखरेचेच पाणी जावे, याचे अण्णांना मोठे नवल वाटले. दुर्बिणीने, पोटाला छिद्रे पाडून सुई घालण्याचाही मार्ग असतो. गाठ जठराला किंवा आतड्याला लागून असली की तो बरा, कारण डोळ्यांनी पाहून आतडे बाजूला सारता येते. पण त्याला पूर्ण भूल लागते, आणि आधीच्या शस्त्रक्रियेने अण्णांच्या पोटात चिकटाचिकटी झालेली. तो मार्ग राखीव ठेवला.

राहिला प्रश्न पुन्हा पोट उघडण्याचा. शांघायच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या गाठींच्या २४० रुग्णांवर नेमका हाच प्रश्न घासून पाहिला. निम्म्यांची पुन्हा शस्त्रक्रिया, निम्म्यांना कातडीतून सुई. कोणाला काय, हे चिठ्ठीने ठरलेले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे माणसे किती जगली यात ठाम फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेत त्रास अधिक झाला आणि रुग्णालयातले दिवसही अधिक गेले. पण गाठ तीन सेंटीमीटरांहून मोठी असेल, किंवा रक्तातले अल्फा फीटोप्रोटीन पुष्कळ चढलेले असेल, तर सुईपेक्षा शस्त्रक्रिया उजवी ठरली. म्हणजे सुई श्रेष्ठ की सुरी श्रेष्ठ, या प्रश्नाला मोघम उत्तरच नाही. गाठ केवढी, कुठे, तिच्या शेजारी कोण, आणि उरलेली जमीन किती कसदार, हे विचारल्यावरच उत्तर येते.

माझे तीन महिने मी मोजतो ते यासाठी. दोन पूर्णांक दोनाला आम्ही सापडलो. आणखी एखादा लग्नसराईचा हंगाम गेला असता, तर निवड आमच्या हातात राहिली नसती.

जूनच्या प्रारंभी अण्णांना तीन सुयांनी भाजले. हा त्यांचाच शब्द. गाठीभोवती अर्धा ते एक सेंटीमीटर निरोगी कडही जाळायची होती. “हराळी काढताना वीतभर भोवतालची माती उकरावीच लागती,” अण्णा म्हणाले; त्यांना ते समजावून सांगावे लागले नाही. सुया काढतानाही वाट भाजत भाजत काढतात, म्हणजे मागे पेशी राहू नये. तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. घरी आठवडाभर बारीक ताप आणि अंगदुखी होती. ती येणार हे आधीच सांगितलेले होते. त्याच महिन्यात तुकोबांची पालखी गावावरून गेली. बेलवाडीचे रिंगण अण्णांनी जन्मात प्रथमच चुकवले. पण रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले, आणि वारकऱ्यांना हात जोडताना त्यांचा उजवा हात बरगडीखाली गेला नाही, हे मी पाहिले.

महिन्याने स्कॅनचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र घरात हाहाकार झाला. रिपोर्ट मोबाइलवर रात्री आला आणि पुतण्याने वाचला : ‘चार सेंटीमीटर.’ दोनाचे चार झाले! त्या रात्री कोणी जेवले नाही. वहिनींनी देवापुढचा दिवा तेवत ठेवला. मला वाटले, आपण चुकीचे निवडले. अण्णांच्या भीतीला आणि माझ्या आळसाला शास्त्राचे नाव देऊन आपण मोकळे झालो. सकाळी डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, “काका, तो भाजल्याचा डाग आहे. गाठीपेक्षा तो मोठाच असायला हवा. दोनाचा असता तर मला काळजी वाटली असती.” रंगाचे औषध शिरेत सोडून काढलेल्या त्या चित्रात चार सेंटीमीटरांची ती जागा काळीभोर होती, तिच्यात रक्त फिरत नव्हते. पेटवलेल्या पट्ट्यासारखी. आणि या खेपेला कडेला हिरवे गवत नव्हते.

यानंतरची गोष्ट अण्णांची नाही, आमची आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी २०२१ सालीच सांगितले होते, की घरातल्या सर्वांचे रक्त तपासून घ्या. तेही राहून गेले होते. कोणामुळे, हे पुन्हा लिहीत नाही. आता सारे बारामतीला गेलो. वहिनी, पुतण्या, सून, सगळे निर्धास्त निघाले. माझ्या रक्तात मात्र तो विषाणू सापडला.

डॉक्टर म्हणाले, दोघा भावांत आहे, तेव्हा बहुधा जन्माच्या वेळी आईकडूनच आला असावा. आम्ही जन्मलो तेव्हा त्या विषाणूला नाव नव्हते. ब्लुम्बर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला त्याचा माग लागला तो १९६५ साली; पुढे त्यावर लस निघाली, आणि ब्लुम्बर्गला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आई जाऊन आता कित्येक वर्षे झाली. तिने आम्हांला दिले ते सारे जाणून दिले. एवढे एकच नकळत दिले गेले. घरी आलो तेव्हा अण्णा ओसरीवर होते. मी सांगितले. ते म्हणाले, “एकाच रानातलं दोघं आपुन.” मग थोड्या वेळाने, “तुझी फाइल आता मी ठेवतो.”

आणि खरोखरच ठेवली. इंग्रजी येत नाही. पण तारखा येतात. दर सहा महिन्यांनी माझी सोनोग्राफी, दर तीन-चार महिन्यांनी अण्णांचा स्कॅन. आमच्या दोघांच्या तारखा त्यांनी कालनिर्णयावर, एकादशीच्या शेजारी, तांबड्या पेन्सिलीने लिहिल्या आहेत. गेल्या वर्षी पुतण्याला मुलगी झाली. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत तिला कावीळ ‘ब’ची लस टोचली की नाही, हे विचारायला अण्णा स्वतः दवाखान्यात गेले. सरकारी लसीकरणात ही लस आपल्याकडे २००२ साली काही भागांत आली आणि पुढे देशभर झाली. तिच्या रानात हे बियाणे पडणार नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अण्णांना तिसरी गाठ निघाली. डाव्या बाजूला, आत खोल, एक पूर्णांक चार सेंटीमीटर. या वेळी घरात रडारड झाली नाही. ती वेळेवर सापडली होती. डॉक्टरांनी पुन्हा कागद घेतला, पुन्हा पेरू काढला. शेजारी पाट नाही, पडदा नाही, गाठ बारीक. या वेळी तीन सुया नकोत, एकच थंड पाण्याची सुई पुरे. पुतण्याने नवे यंत्र मागितले नाही. परत येताना भिगवणला चहा घेताना तो मला म्हणाला, “काका, पहिल्या वेळी पोट उघडलं असतं, तर ह्या वेळी काढायला काय राहिलं असतं?” मी काही बोललो नाही. फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेले वाक्य त्याला दाखवले.

अण्णा बरे झाले, असे मी लिहिणार नाही. जमीन तीच आहे. गोळी चालू आहे, तारखा चालू आहेत. पुढे कधी सुईने भागणार नाही, मग दुसरे काही पाहावे लागेल, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेल्या दोन गाठींनी मला एक शिकवले. औषध किती जबर, यापेक्षा ते पुढच्या खेपेसाठी किती राखून ठेवते, हे आमच्यासारख्यांनी आधी विचारावे.

हे लिहितो आहे तोवर आत वहिनींचे अनारसे चालले आहेत. “भावजी, आच मोठी झाली का बघा जरा,” असे त्या दोनदा म्हणाल्या. माझे लिहिणे चालले आहे हे त्यांच्या गावीही नाही. अंगणात नात फुलबाजीला घाबरते आहे आणि तरी हात पुढे करते आहे. कारखान्याचा निरोप आला आहे, की आमच्या रानाची तोड भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. नेमकी तीच तारीख अण्णांच्या स्कॅनची. मी कॅलेंडरापाशी घुटमळलो, तर अण्णा ओसरीवरूनच ओरडले :

“तारीख आधी. तोड मागनं. आन् येताना तुझं रगात बी देऊन येऊ.”